वरच्या मजल्यावरची फुंकर

मादारा सात वर्षांची असताना
माझ्या छतावर पहिल्यांदा फुंकर उमटली.
सूर नव्हता तो. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी
वारा करतो तसं काहीतरी.
आणि लिएपायात वाऱ्याला काय तोटा?
समुद्रावरून येतो, जिन्यात शिरतो,
टोप्या पळवतो, मुक्कामाला राहतो.
मला वाटलं, आणखी एक.

मी ट्राम चालवायचो. शहरात एकच मार्ग,
जायचं आणि परत यायचं.
दुपारी बूट काढून पाय गरम पाण्यात सोडले
की वर सुरू:
एकच स्वर. तोच. पुन्हा तोच.
कान किटले तेव्हा बायकोनं
झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं, एकदाच.
दुसऱ्या दिवशी मुलगी दारात,
हातात बेदाण्यांचा पाव,
"माफ करा. वेल्ताबाई म्हणतात,
रोज चाळीस मिनिटं लांब स्वर."

बाईंचा आणखी एक हुकूम होता:
खिडकीच्या काचेवर कागद ठेवायचा,
बोट काढून घ्यायचं,
नुसत्या फुंकरीनं तो तिथेच धरायचा.
वहीचं पान जड पडायचं.
मी तिला वापरलेली तिकिटं देऊ लागलो.
भोकातून हवा जाते, अशी तक्रार आली.
मग कोरी दिली.
ती हिशेबात कुठे गेली
हे डेपोत अजून कुणाला ठाऊक नाही.

संगीतातलं मला कळत नाही.
अंतर कळतं.
तिचा स्वर मी थांब्यांनी मोजायचो:
पहिल्या हिवाळ्यात बाजारातून निघून
कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशी दम तुटायचा.
बाराव्या वर्षी पुलापर्यंत.
सोळाव्या वर्षी पूल ओलांडून, वळण घेऊन,
आणि खाली खुर्चीत मी
तिच्याबरोबर धरलेला श्वास सोडून
खोकत बसायचो.

ती शिकायला रीगाला गेली
त्याच शरद ऋतूत बायको गेली.
दोन शांतता एकाच घरात आल्या,
कुठली कुणाची, सांगता येईना.

पुढचं सगळं जिन्यात कळलं, तिच्या आईकडून,
बटाट्यांची पिशवी खाली ठेवून ठेवून:
पडद्यामागे परीक्षा असते,
गालिच्यावरून अनवाणी जायचं,
टाचांवरून बाई की बुवा कळायला नको.
नाव नाही, नंबर. एकतीस.
तीन शहरांत पडद्यापलीकडून
"धन्यवाद, पुढचे."
चौथ्या शहरात कुणीच काही बोललं नाही,
म्हणून ती वाजवतच राहिली.

दुसरी बासरी. एक वर्ष चाचणीवर.

"दुसरी म्हणजे?" नाताळात मी विचारलं.
"ऐवार्स, आमचे पहिले, जिथे श्वास घेतात
तिथे मी घ्यायचा नाही.
कुणाचं लक्ष नसेल तिथे घ्यायचा.
शंभर मोजायचे, चार सूर वाजवायचे,
परत मोजायचं."
"म्हणजे ट्रामच की," मी म्हटलं.
हसली. हनुवटीवर, ओठाखाली,
बासरीनं पाडलेली लालसर खूण दिसली.

मार्चमध्ये तिचा वाद्यवृंद आमच्या गावी आला.
लग्नातला कोट घातला, बटण लागलं नाही.
सज्जात बसून मी तिच्याकडे पाहत होतो,
कान टवकारून.
व्हायोलिनं, कर्णे, ढोलाचा गडगडाट,
तिचं काहीच नाही. बोटं हलताना दिसत होती,
ओठ दिसत होते, आवाज मात्र
कुणाच्या तरी आवाजात विरघळून गेलेला.
मग एक संथ भाग आला.
एक स्वर निघाला बाजारातून,
औषधाचं दुकान, पूल, वळण,
ऐवार्सनी मध्येच श्वास घेतलेला मी पाहिला
आणि स्वर तुटला नाही.
शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.
मी खोकत होतो.

मागच्या दाराशी वाऱ्यात ती उभी,
बासरीची पेटी कोटाच्या आत धरून.
"मी ऐकू आले का?"
सतरा वर्षांचा शेजार. खोटं कसं बोलू?
"नाही," म्हटलं.
तिनं माझ्या दोन्ही गालांवर ओठ टेकले.
"मग नीट वाजलं."

घरी येऊन पाय पाण्यात सोडले.
वर आता कुणाचंतरी कपडे धुण्याचं यंत्र
घरघरतं, थांबतं,
पुन्हा घरघरतं.